समुद्रातलीच ना?

३ ऑगस्ट

ब्योंगदू आज पुन्हा आला. बर्फाच्या पेटीत दोन दोम्या, लाल ताजे मासे, घेऊन, गमबुटांसकट, थेट पुढच्या दाराने! दोन टेबलं भरलेली होती. मी डोळ्यांनीच त्याला मागे पिटाळलं. सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याला मी भांडी घासायच्या दाराने आत घेते. कारण एवढंच, की त्याच्या रबरी एप्रनवर त्याच्या मत्स्यशेतीचं नाव छापलेलं आहे आणि माझ्या खाणावळीच्या दारावर पाटी आहे — “फक्त समुद्रातला मासा”. पाटी ह्यांनी लावली होती. हे गेले, पाटी आहे.

त्याचं म्हणणं नेहमीचंच. ताई, शेजारी एक छोटी पाटी लाव, भावाच्या पिंजऱ्यातली दोमीही मिळेल म्हणून. लपवू नकोस, खोटं बोलू नकोस, ज्याला हवी तो घेईल. मी म्हटलं, बघू. माझ्या ‘बघू’चा अर्थ त्याला लहानपणापासून माहीत आहे.

मग त्याने दुसरं काढलं. बाबांच्या श्राद्धाच्या पानावर यंदा माझी दोमी ठेवा. आई वरून उतरून आली होती. पेटीतल्या माशाचं पोट तिने अंगठ्याने दाबून बघितलं, खवले बघितले. मग म्हणाली, “तुझ्या बापानं जन्मभर गळाची खाल्ली. मेल्यावर त्याला दावणीची घालू?”

ब्योंगदू हसला. तो असा हसतो तेव्हा त्याला लागलेलं असतं.

४ ऑगस्ट

पेटीतल्या दोन्ही दोम्या मी आणि आईने स्वयंपाकघरात खाल्ल्या. काटासुद्धा उरला नाही. त्याला कळवलं नाही.

९ ऑगस्ट

राजधानीहून, सोलहून पाच मुली आल्या होत्या. खांद्याला कापडी पिशव्या, पाणी प्यायच्या नळ्यासुद्धा स्वतःच्या, स्टीलच्या. “मावशी, समुद्र रिकामा होत चाललाय, माहितीये का तुम्हाला?” म्हटलं, माहिती आहे बाई. तोंगयोंगच्या बंदरावर राहून मला नाही कळणार तर कुणाला. एकजण म्हणाली, नीट, जपून केलेली मत्स्यशेती हाच आता उपाय आहे, तिने वाचलंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग खायला काय मागवायचं ते ठरलं. आणि तीच मुलगी मला म्हणते, “दोमी समुद्रातलीच ना, मावशी?”

“फक्त समुद्रातली,” मी म्हटलं. मुली खूश.

अगदी ओठांवर आलं होतं — तू म्हणतेस ती शेती माझा भाऊ करतो, होडीने जरासं पुढे गेलं की दिसते. पण मग तिने विचारलं असतं, तुम्ही का नाही ठेवत? काय उत्तर देणार होते? पिकतं तिथं विकत नाही, हे काही उत्तर नव्हे.

१४ ऑगस्ट

आज खाणावळ बंद. त्याच्या तराफ्यावर गेले. मिरान — त्याची बायको — धक्क्यावर होडी घेऊन आली होती. किती वर्षांनी गेले कोण जाणे. पूर्वी तिथे नाकाला रुमाल लावावा असा वास असायचा. एकेक दोमी पोसायला टोपल्याच्या टोपल्या बारीक मासळी दळून पाण्यात फेकायचे, वर तेलाचा तवंग. आज वास नाही, तवंग नाही. आता कोरडं खाद्य घालतो. पूर्वीच्या निम्मेच मासे ठेवतो. निम्मी जागा आळीपाळीने रिकामी सोडतो, तळ धुऊन निघावा म्हणून. शेजारचे पिंजरेवाले त्याला म्हणतात, ह्याने समुद्रात वानप्रस्थ घेतलाय.

पिंजऱ्यांवर काळं कापड ताणलेलं. हे कशाला, विचारलं. ऊन लागू नये म्हणून. पिंजऱ्यातला मासा खोल जाऊ शकत नाही, उन्हाने रापतो, आणि रापलेली दोमी कोणी हातात धरत नाही. “पोरी पैसे मोजून किनाऱ्यावर काळ्या होतात,” ब्योंगदू म्हणाला, “आणि माझी दोमी जरा सावळी झाली की नाकं मुरडतात.” मिरान म्हणाली, “मला नाही कधी छत्री घेतली. माशांना घेतली.” तिघंही हसलो. खूप दिवसांनी.

मग त्याने एक दोमी जाळीने उचलून माझ्यासमोर धरली. लाल, चकचकीत, पाठीवर निळे ठिपके. मी म्हटलं, ही कोणी ओळखणार नाही. “एक खूण राहते,” म्हणाला. “नाक बघ.” समुद्रात जन्मलेल्या दोमीला डोळ्यापुढे प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात. टाकीत अंड्यातून निघालेल्यांची बहुतेक वेळा दोन्ही मिळून एकच होतात. का ते त्यालाही नीट माहीत नाही. “रंगाचं केलं, खाद्याचं केलं, पाण्याचं केलं. नाकाचं काही करता येत नाही बघ.”

तिथेच कापली, तिखट आंबट चटणीशी दिली, बरोबर मिरानने आणलेल्या, शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या आणि मुळा. मी जन्मभर मासे कापत आले आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू — चांगली होती. गोड, घट्ट, समुद्रातलीला मागे सारणारी. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, “वाईट नाही.”

वाईट नाही! आणखी दोन शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का?

१८ ऑगस्ट

त्या ‘वाईट नाही’ची लाज वाटून पाटी रंगवून घेतली. छोटीशी, पाटाएवढी. “भावाच्या पिंजऱ्यातली दोमी. मोकळं पाणी, कोरडं खाद्य.” मोठ्या पाटीखाली लावली. ब्योंगदूला फोन केला. तो म्हणाला, “उद्या पहाटे चार आणून देतो. मागच्या दारानं.” मी म्हटलं, पुढच्या दारानं ये रे. चांगलं वाटलं.

२१ ऑगस्ट

प्यो हेडमास्तर आले. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गाव त्यांना अजून हेडमास्तरच म्हणतं. दारात उभं राहून पाटी मोठ्याने वाचली, वर्गात फळा वाचावा तशी. मग आत येऊन, “मालकीणबाई, तुम्हीसुद्धा?” एवढंच म्हणाले. नेहमीची समुद्रातली मागवली, आणि ताट आल्यावर विचारलं, “ही ह्यातली की त्यातली?”

तिथून सुरू झालं. प्रत्येक टेबलावर तेच. ह्यातली की त्यातली? खरं सांगितलं म्हणून जे खरं होतं तेही लोकांना खोटं वाटायला लागलं! भावाच्या चार दोम्यांतल्या तीन तशाच राहिल्या. संध्याकाळी जे आले ते पाटी वाचून शेजारच्या खाणावळीत गेले.

२३ ऑगस्ट

पाटी काढली. ब्योंगदूला सांगितलं, श्राद्धानंतर बघू. तो म्हणाला, “बरं.”

२६ ऑगस्ट

मिरान आईची औषधं घेऊन आली होती. स्वयंपाकघरात किमचीच्या पिंपावर मी तीच पाटी झाकण म्हणून ठेवली होती, वर दगड. अक्षरं वरच्या बाजूला! निदान उलटी तरी ठेवायची. तिने वाचली, दगड नीट मधोमध सरकवला.

“झाकण बरोबर बसलंय, वन्सं,” म्हणाली आणि औषधं ठेवून गेली.



२८ ऑगस्ट

वादळ. शटर ओढून बसलो आहोत. आई खिडकीशी. ब्योंगदू फोन उचलत नाही.

३० ऑगस्ट

माणसं सुखरूप आहेत. पिंजरे गेले. सगळे. लोखंडी चौकटी पिळलेल्या, जाळी फाटून लोंबताहेत, काळं कापड पार समोरच्या बेटाच्या खडकांवर जाऊन अडकलंय. ब्योंगदू धक्क्यावर उभा होता, हातात दोराचा तुकडा. मी जवळ गेले. मेलेले मासे कुठे दिसत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मासे?

“मेले नाहीत, ताई. गेले.”

वर्षानुवर्षं पोसलेले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं, की त्याच्या लग्नानंतर मी त्याला हात लावलेला नव्हता.

४ सप्टेंबर

बाजारात आज दोम्याच दोम्या. योकजीवाली — योकजी बेटाची मासेवाली म्हणून सगळे तिला हेच म्हणतात, खरं नाव मलाही आठवत नाही — हातवारे करून सांगत होती, की बंदराच्या तोंडापर्यंत आल्यात, लोक धक्क्यावरून गळ टाकून ओढताहेत, वादळाने समुद्र ढवळला की असंच होतं, देवाने दिलं. मीही घेतल्या. निवडून, लालबुंद.

घरी येऊन पहिलं डोकं फोडायला घेतलं. आणि नाक दिसलं. एक भोक. उलटी करून बघितली, तिकडेही एकच. दुसरी बघितली. तिसरी. पाटावर हारीने मांडलेल्या सगळ्या त्याच्या दोम्या माझ्याकडे बघत होत्या. एक तेवढी दोन भोकांची निघाली.

हात धुतले. थोडा वेळ स्टुलावर बसले. मग कापायला घेतल्या.

७ सप्टेंबर

इतका धंदा कधी झाला नव्हता. समुद्रातली दोमी आली म्हणून गावभर बोभाटा आहे, बसायला जागा नाही. रोज बाजारात जाते, रोज आणते, आता माहीत असून. मनाशी म्हणते, समुद्रातूनच धरली आहे ना? मग पाटी खोटी कुठे आहे? अशी मी माझीच वकिली करते, माझ्याचपुढे. आणि जिंकतेही.

ब्योंगदूकडे जाऊन सांगायला हवं. पण सांगू काय? तुझी दोमी लोक बोटं चाटून खाताहेत, तुला मात्र ह्यातलं काही मिळणार नाही?

११ सप्टेंबर

तो आला. पुढच्या दाराने. धुतलेला शर्ट, गमबूट नाहीत. गिऱ्हाइकासारखा बसला आणि एक दोमी मागवली. मी काय करणार! माझ्याच हाताने कापली, डोक्यासकट ताट मांडलं, नेऊन ठेवलं.

शेजारच्या टेबलावर हेडमास्तर होते, सोबत दोन पाहुणे. त्यांचं चाललं होतं, की ह्याला म्हणतात समुद्राची चव, पिंजऱ्यातल्या माशाला हा घट्टपणा सात जन्मांत यायचा नाही, मोकळ्या पाण्यात पोहलेली आहे ही, जिभेला कळतं. पाहुणे म्हणत होते, अगदी कळतं.

ब्योंगदू सावकाश जेवला. एकेक तुकडा. मग जेवायच्या काड्यांनी दोमीचं डोकं जरासं वळवलं, नाक बघितलं, आणि माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मालकीणबाई, समुद्रातलीच ना?”

हेडमास्तर वळून बघायला लागले. सगळी खाणावळ बघत होती — म्हणजे मला तसं वाटलं.

“हो,” मी म्हटलं. “समुद्रातलीच.”

त्याने मान हलवली. पैसे टेबलावर ठेवून गेला. सख्खा भाऊ, माझ्या घरी पैसे देऊन जेवला.

१६ सप्टेंबर

उद्या बाबांचं श्राद्ध. आईने बजावलं, दोमी बघून आण, तुझ्या बाबांना चालेल अशी. योकजीवालीकडे आज फक्त तीन होत्या. तिन्हींची नाकं बघितली. तिन्हींना एकच भोक. दुसरीकडे कुठे दोमी नव्हतीच. सर्वांत देखणी घेतली. मीच साफ केली, आईला हात लावू दिला नाही. म्हटलं, तुझं मनगट दुखतंय.

१७ सप्टेंबर

श्राद्ध झालं. पूर्वी मध्यरात्री व्हायचं, हल्ली दिवेलागणीलाच उरकतो. आई माझ्याकडे राहायला आल्यापासून इथे वरच्याच खोलीत करतो. दोमी वाफवली, डोकं पूर्वेला, शेपूट पश्चिमेला, वर अंड्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या. दोन पट्ट्या मी जरा पुढे ओढून बरोबर नाकावर घातल्या.

ब्योंगदू एकुलता एक मुलगा, म्हणून बाबांपुढे दारू त्यानेच ओतली, पहिला नमस्कारही त्यानेच घातला. कपाळ चटईला टेकवून बराच वेळ राहिला. त्याने उठताना दोमीकडे बघितलं. पट्ट्यांकडे बघितलं. त्याला कळलं. मिरानला कळलं. बाबांच्या पानावर शेवटी त्याचीच दोमी होती, आणि ती त्याची आहे हे मी झाकून ठेवलं होतं.

मग पानं वाढली. डोकं नेहमीसारखं आईला. तिने पट्ट्या काड्यांनी बाजूला सारल्या, हाडं चोखून स्वच्छ केली, आणि काड्या खाली ठेवून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “तुझ्या बाबांच्या गळाची चव आहे हिला. अगदी तीच.”

बोलली ब्योंगदूला, पण बघत होती माझ्याकडे. मासा मी आणला म्हणून असेल.

“हो का, आई,” तो म्हणाला आणि पेला भरून घेतला. मिरान पाणी आणायच्या निमित्ताने उठली. आई अजून माझ्याचकडे बघत होती. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, की आई, ही त्याची आहे. आणि तोंडातून निघालं, “भात वाढू का?”

मिठाची गुळणी धरावी ती कुणापुढे! आईपुढे, भावापुढे, बाबांच्या तसबिरीपुढे.

२० सप्टेंबर

ब्योंगदूने पिंजऱ्यांची जागा देऊन टाकली. घेणारे मोठे लोक आहेत, पूर्ण जागा मासे ठासून भरणार म्हणे, रिकामी-बिकामी काही सोडणार नाहीत. तो गोजेला चाललाय, जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगला. ह्या वयात! मी फोनवर म्हटलं, घाई करू नकोस, पुन्हा जाळी बांध, मी पाटी लावते, ह्या वेळी नक्की लावते.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

“ताई, माझी दोमी लोकांना आवडते. मला माहीत होतं, आता डोळ्यांनी बघितलं. फक्त माझी आहे असं कळलं की आवडत नाही. ह्याला मी काय करू?”

२९ सप्टेंबर

छूसॉक, सुगीचा सण. आला नाही. आईशी फोनवर बोलला. आईने जेवतोस ना, झोपतोस ना, एवढंच विचारलं. बोलणं झाल्यावरही फोन हातातच धरून बसली होती.

४ ऑक्टोबर

पिंपावरची पाटी काढून घासली. किमचीचा डाग पूर्ण जात नाही. दाराला लावली. ह्यांची मोठी पाटी उतरवून ठेवली. बैल गेला आणि झोपा केला! मला कळतं. तरी लावली.

हेडमास्तर दारातूनच परत गेले. जाऊ देत.

दुपारी एक तरुण जोडपं आलं, पाटी वाचून आत शिरलं. “मावशी, ही पाटीवरची द्या ना. आम्ही अशीच शोधत होतो.” मी त्यांना सांगितलं, संपली. पुन्हा कधी येईल, विचारलं त्यांनी. मी त्यांना तळलेला बांगडा दिला.

९ ऑक्टोबर

आई सकाळी खाली आली. दाराबाहेर जाऊन पाटी वाचली, आत येऊन पालक निवडायला बसली. खाली मान घालूनच म्हणाली, “श्राद्धाची दोमी ब्योंगदूची होती.”

मी सुरी ठेवली. तुला कसं कळलं, विचारलं.

“जन्म गेला मासे साफ करण्यात. अंड्याच्या पट्टीनं नाक झाकतं होय? म्हणून तर मोठ्यानं म्हटलं, बापाच्या गळाची चव आहे म्हणून. त्याच्यासाठी म्हटलं. आणि तू पुढचं बोलशील म्हणून तुझ्याकडे बघत बसले.”

मग तूच का नाही बोललीस, आई?

“दारावर पाटी तुझी होती. मी बोलले असते तर तू खोटी पडली असतीस, भावाच्या बायकोदेखत. दोघंही माझीच.”

पालकाची जुडी संपली. देठ गोळा करत म्हणाली, “त्याला वाटतंय, मला कळलंच नाही.”